तिसरा तणावा आमच्या शेतात

बारामतीच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा मालधक्क्यावर लोखंडी कडी एका ओळीत उभी करून ठेवली होती. एकेक कडं इतकं रुंद, की आत उभं राहून दोन्ही हात पसरले तरी बोटं पत्र्याला टेकू नयेत. गाडीवान ती कडी फळ्यांवरून ढकलत बैलगाड्यांत चढवत होते. माल आमच्याच बाजूला, कळंबकडे चालला होता, म्हणून एका गाडीच्या मागच्या बाजूला मी ट्रंक ठेवली आणि कड्याच्या आत बसून घरी निघालो. ऊन लागलं नाही, पण पत्रा तापून भट्टीसारखा झाला होता.

गाडीवानाने विचारलं, "काय शिकतासा पुण्याला?"

"सायन्स."

"मंग त्येचं मानूस काय हुतंय?"

कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून मी येत होतो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेलाही मीच पहिला, त्यामुळे हा प्रश्न घरी कोणी विचारत नसे. विचारायचा असतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मी वर्षभर तो स्वतःलाच विचारत होतो. वसतिगृहात असताना घरची ओढ लागायची आणि घराकडे तोंड झालं की आपण तिथे काय करणार, या विचाराने जीव घाबरा व्हायचा.

कळंबच्या अलीकडे झाडी संपली आणि धुराडं दिसलं. तेव्हा ते अर्धंच झालं होतं. वर निमुळतं होत गेलेलं काळं लोखंड, त्याला बिलगून एक लाकडी डोलकाठी, आणि वरून तीन बाजूंना उतरलेल्या तारा. नवा साखर कारखाना उभा राहतोय हे मला माहीत होतं. तिसरी तार आमच्या शेतात उतरलेली आहे, हे मात्र घरी पोचल्यावर कळलं.

आई म्हणाली, "तुज्या आबांनी कोपरा दिलाय त्यास्नी. इच्यारायला आले, ह्यांनी व्हय म्हनलं. ह्यांचं काय, कुनी गोड बोललं की झालं."

आबा म्हणजे माझे वडील. ते पायरीवर बसून पायातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "आपलाच ऊस शिजायचा हाय तितं. कोपरा दिला तर काय बिघाडलं?"

तो ऊस आबांच्या आयुष्यातला पहिला ऊस होता. तोवर आम्ही ज्वारी-बाजरी, थोडी वांगी, थोडा कांदा यावर भागवत आलो होतो. कालव्याचं पाणी आमच्या चारीला, म्हणजे शेतांवरून जाणाऱ्या छोट्या पाटाला, मिळायला लागलं, कारखाना येणार हे ठरलं, आणि आबांनी धीर करून त्या वर्षी सगळं रान उसाखाली घातलं. मी आलो तेव्हा लागण होऊन तीन-एक महिने झाले होते. गुडघ्याएवढा, हिरवा, फुटवे धरू लागलेला ऊस. उन्हाळा कडक, आणि उसाला पाणी फक्त पाळीचं. पाळी म्हणजे चारीवरच्या प्रत्येकाला ठरलेल्या क्रमाने मिळणारं पाणी. आपली पाळी आली की ते घ्यायचं, नाही घेतलं तर ते पुढच्याकडे जातं आणि आपण पुन्हा सगळ्या चारीचं भिजणं संपेपर्यंत वाट बघायची. त्या वैशाखात एक पाळी चुकणं म्हणजे कोवळा ऊस गेला, असंच सगळे धरून चालत.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या जागेवर गेलो. घरी बसवत नव्हतं. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. निकालाची धास्ती होती, आणि आबांबरोबर रानात गेलो तर ते माझ्या हातातून खोरं काढून घ्यायचे. म्हणायचे, "तुझं हात आता लिवायचं." ते कौतुकाने म्हणत, पण मला ते हाकलून दिल्यासारखं वाटे.

धुराडं उभारणारी टोळी मालवणकडच्या खलाशांची होती. पूर्वी गलबतांवर काम केलेली माणसं, दोर आणि उंची यांना न भिणारी. त्यांच्या मुकादमाला सगळे तांडेल म्हणत. बुटका, रुंद, पांढऱ्या भुवयांचा माणूस. बोलताना सतत आपल्या दोन्ही तळव्यांना तेल चोळत असे. मी तिथे दोन दिवस नुसता उभा राहिलेला पाहून त्याने हाक मारली.

"काय रे झिला, बघतंस काय? गळान मासो लागतलो?"

मी म्हणालो, "शिकतोय."

"मगे फुकट कित्याक शिकतंस? ये हय."

त्याने माझ्या हातात ओळंबा दिला. शिशाचा गोळा आणि दोरी. धुराड्यापासून लांब, ठरलेल्या दगडावर उभं राहायचं, हात लांब करून ओळंबा धरायचा, एक डोळा मिटायचा आणि दोरीच्या कडेला धुराड्याची कड लावून बघायची. दोन्ही जुळत असतील तर धुराडं सरळ. कड दोरी सोडून हलली तर लाल फडकं हलवायचं. काटकोनात दुसऱ्या बाजूला असाच एक खलाशी उभा असे. वर माणसं असतील तोवर नजर काढायची नाही.

हे असं धुराडं उभं कसं राहतं, हे मला त्या दगडावर हळूहळू उमजत गेलं. विटांचं धुराडं स्वतःच्या वजनावर उभं असतं. हे पत्र्याचं, पातळ आणि उंच. खाली चिरेबंदी चौथरा, त्यावर एकावर एक कडी ठेवून रिबिटांनी जोडलेली. नव्या कड्याला उचलायला कडेने सागाची डोलकाठी. तिच्या टोकाला कप्पी, कप्पीतून दोर, आणि खाली चौघेजण फिरवतात तो रहाट. कडी चढत गेली की डोलकाठीही सरकवून वर बांधायची. पण एवढ्या उंच पत्र्याला वारा लोटणार, त्याला अडवायला तीन तणावे. जत्रेतल्या तंबूला सुताचे असतात, हे तारेचे, मनगटाएवढे. तीन दिशांना सारख्या अंतरावर जमिनीत पुरलेले. वारा कुठूनही आला तरी निदान एक तणावा त्याला धरून ठेवतो.

तणावे नुसते घट्ट असून भागत नाही, ते सारखे लागतात. एक जास्त ओढला तर तोच धुराड्याला वाकवतो. तांडेल तळव्याने तारेवर थाप मारायचा. थापेची लाट वर जाऊन परत हाताशी यायची, तिला किती वेळ लागला त्यावरून ओढ ओळखायचा, आणि खालचा पेच एखादा आटा पिळायचा किंवा सैल करायचा. दुपारी ऊन तापलं की तारा लांबत, थोड्या पोटात झुकत. नवशिक्याला वाटावं, सुटल्या. तांडेल म्हणे, "झोपूक दे तेंका. सांजच्याला उठतत."

मला या कामाचा छंद लागला आणि त्रासही व्हायला लागला. दिवसभर एका कडेकडे पाहून संध्याकाळी घरी आलो की दाराची चौकट कललेली दिसे, आईने भिंतीला टेकवलेलं मुसळ कललेलं दिसे. जेवता जेवता मी मान तिरकी करून बघे. आई म्हणायची, "ह्याला कायतरी बाधलंया." तारांमधून वारा जाताना एक बारीक आवाज यायचा. तो आवाज घरापर्यंत येत नसणार, पण मला येत असे.

कॉलेजात आम्ही बलांचे त्रिकोण काढले होते. एका दुपारी मी धुळीत धुराडं, तार आणि ओढीचे बाण काढून पाहिले. जमत होतं. पण तार जमिनीला मिळते तिथे आमच्या पुस्तकात चार तिरप्या रेघा मारलेल्या असत, म्हणजे ही जमीन. ती हलत नाही, एवढंच तिच्याबद्दल गृहीत. मी त्या रेघा मारल्या आणि आमच्या उसाच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

बाकीचे दोन तणावे सोपे होते. एक पश्चिमेच्या माळावर मुरुमात गेला होता, दुसरा ओढ्याच्या काठच्या खडकात. तिसऱ्या बाजूला सगळी काळी जमीन. खलाशी आले तेव्हा ती उन्हाने दगडासारखी झाली होती, कुदळ मारली तर ठण्ण वाजायची. त्यांनी आमच्या कोपऱ्यात खड्डा घेतला, तारेचं टोक बांधलेला एक जाड ओंडका त्यात आडवा गाडला, वर दगड आणि माती ठासली. हे तात्पुरतं. शेवटचं कडं चढलं की खाली मुरूम लागेपर्यंत खणून चुन्यातलं पक्कं काम करायचं होतं. समुद्रकाठच्या माणसांना ही जमीन भलतीच आवडली होती. एक पोरगेला खलाशी मला म्हणाला होता, "तुमची जमीन म्हणजे नुसतो काळो फत्तर."

आणि आमची पाळी जवळ आली.

तांडेल स्वतः आमच्या घरी आला. आबांनी घोंगडी टाकली, आईने ताक दिलं. तांडेलाने ताक संपवलं, पेला उपडा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सांग तुझ्या बापाशीक. माझी भाषा तेंका कळाची नाय."

"कळतीय की," आबा म्हणाले. "बोला तुमी."

"आबानू, माका तुमच्या उसाचा वायट नाय करूचा. पण तो ओंडको जमनीन धरून ठेवलेलो असा. जमीन मऊ झाली काय तो सरकतलो. वर माझी पोरां असतत. ह्यावेळी पाणी नको."

आबा म्हणाले, "तांडेल, तुमचं धुराडं तारंवर हुबं हाय, माजा ऊस पान्यावर. ही पाळी गेली तर फुडच्या पाळीला भिजवायला ऊस ऱ्हानार न्हाय."

"पाळी फुडे ढकला."

आबा हसले. पण हसण्यासारखं काही नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. संध्याकाळी ते मला घेऊन पाटकऱ्याकडे गेले. पाटकरी म्हणजे चारीची दारं उघडणारा सरकारी माणूस, कमरेला किल्ल्या लावून फिरायचा. चारीच्या कडेला बसून तो पाय धूत होता.

"ढकलायची?" तो म्हणाला. "पाळी म्हंजे काय घरचा रांजन हाय व्हय, पायजे तवा वतायला?"

"खालच्या शेजाऱ्याशी बदली करून घेतो."

"त्यो द्येतोय व्हय तुमाला? त्याची वांगी वाळाय लागल्यात. एक दिस द्येईल फार तर. तुमच्या खलाश्यास्नी पायजे पंधरवडा." पाटकरी माझ्याकडे वळला. "आन् ह्ये कालेजातलं लेकरू कुनाच्या बाजूनं हाय?"

खरंच मी कुणाच्या बाजूने आहे, ते मला ठरवता येत नव्हतं. पाणी द्यावं असं वाटे तेव्हा वर बसलेल्या माणसांचे लोंबते पाय आठवत. काम थांबवावं असं तांडेलाला सांगावं म्हटलं, तर पावसाळी वारं सुटायच्या आत शेवटची कडी चढवायलाच हवीत हेही मी रोज ऐकत होतो. अर्धवट धुराडं वाऱ्यात ठेवणं अधिक वाईट. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी आबांनीच तोड काढली. ते आणि तांडेल शेताच्या कोपऱ्यात उभे होते, मी मध्ये. आबा म्हणाले, "कोपरा मी कोरडा ठेवतो. ह्या वरंब्यापतूर भिजवीन, त्येच्या अलीकडं न्हाय. मधी बांध घालतो, दाबून. चार सऱ्या गेल्या तर जाऊ द्यात."

तांडेलाने जमिनीकडे पाहिलं. सगळीकडे भेगा पडल्या होत्या, हात आत जाईल इतक्या. "ह्येच्यातून पाणी येताला मां?"

"काळी हाय ती. पानी लागलं की फुगती, भ्याग आपसूक मिटती. ती तोंड उघडं ठिवत न्हाय."

हे खरं होतं. लहानपणापासून मी ते पाहिलं होतं. पाणी भेगेत शिरतं, थोडं आत जातं आणि माती फुगून वाट बंद होते. मी दोघांनाही तेच पुन्हा समजावून सांगितलं, आणि तांडेलाने मान डोलावली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. पहिल्यांदाच दोन माणसांचं काहीतरी माझ्यामार्फत जुळलं होतं. आबांनी बांध घातला, पायांनी तुडवला, धुम्मस मारून दाबला.

दुसऱ्या दिवशी मला बारामतीच्या बाजाराला जावं लागलं. खलाशांनी कोपऱ्यात आणखी एक काम केलं, ते त्याच दिवशी; मला ते पुढे कळलं. तांडेलाला भेगांची मनातून भीती वाटत होती. आबांवर त्याचा विश्वास होता, पण आपल्याकडून काही राहायला नको म्हणून त्याने गवंड्यांच्या ढिगातली ओढ्याची वाळू आणवली आणि ओंडक्याभोवतीच्या सगळ्या भेगा कोपऱ्यापासून बांधाच्या पलीकडेपर्यंत वाळूने भरून काढल्या. त्यांच्या किनाऱ्यावर भिजलेली वाळू अशी घट्ट होते की तिच्यावरून गाडी चालते. वरून मातीचा हात फिरवला, म्हणजे उसात घाण दिसायला नको. हे सगळं चांगुलपणाने केलेलं. आबांना सांगायचं कारणच त्याला वाटलं नाही.

पाळी उजाडली. पहाटेच पाटकऱ्याने दार उघडलं आणि पाणी आमच्या शेताकडे वळलं. मी थोडा वेळ आबांबरोबर होतो. तापलेल्या मातीत पाणी शिरताना जो वास येतो, तो आला. आबा खोरं घेऊन सरीमागून सरी दारं मोडत चालले होते. मला म्हणाले, "जा तू तुज्या गोळ्याकडं. हितं माजं चाललंय."

मी दगडावर जाऊन ओळंबा धरला. वर पाच माणसं होती. कडं डोलकाठीवरून हळूहळू वर येत होतं, रहाटावरचे चौघे एका सुरात 'हैस्सा' म्हणत होते. ऊन वर आलं. मी एक डोळा मिटून पाहत होतो आणि मला वाटलं, कड हलली.

मी ओळंबा दुसऱ्या हातात घेतला. श्वास रोखला, पुन्हा पाहिलं. दोरी आणि लोखंड यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ दिसत होती. सुतासारखी बारीक. मी डोळे पुसले. रेघ तिथेच होती, आणि वर रुंद होत गेली होती. धुराडं आमच्या शेतापासून दूर, पश्चिमेकडे कलत होतं. मी फडकं हलवलं. हलवताना ओरडत होतो असं लोक नंतर म्हणाले. मला आठवत नाही.

तांडेलाने शिट्टी वाजवली. रहाट थांबला. अधांतरी कडं डोलकाठीवर लोंबकळत राहिलं. सगळे आमच्या शेतातल्या तणाव्याकडे पळाले, कारण तो दुपारच्यापेक्षाही सैल पोट सोडून लोंबत होता, आणि काहीजण त्याचा पेच आवळायला बसले.

"हात लावू नकात!" तांडेल ओरडला. "ओंडको उपटून येतलो! आदी ते दोन सोडा! दोघांका ढिले करा!"

मला क्षणभर ते वेडेपणाचं वाटलं. धुराडं पडतंय आणि हा बाकीच्या तारा सैल करायला सांगतोय. मग कळलं. एक तणावा सुटला म्हणजे उरलेले दोघे धुराड्याला आपल्याकडे ओढतात. माणसं माळाकडे आणि ओढ्याकडे धावली. वरचे पाचजण हलले नाहीत. हलायचं नाही, हे त्यांना शिकवलेलं होतं. एकाने मात्र शिडीच्या पायरीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. तेवढ्या उंचीवरचं ते मला खरंच दिसलं की मी नंतर मनाशी धरलं, सांगता येत नाही.

मी शेताकडे पळालो. आबा बांधापाशी खाली बसले होते आणि एका सरीकडे बघत होते. सरीच्या तोंडाशी पाणी भरभरून येत होतं आणि मध्येच नाहीसं होत होतं. पुढची सरी कोरडी. त्यांनी खोऱ्याने जमीन उकरली. आतून वाळू निघाली, भिजलेली, आणि तिच्यातून पाणी नळीतून जावं तसं बांधाखालून ओंडक्याकडे चाललं होतं.

"वाळू?" आबा म्हणाले. "ह्यात वाळू कुनी भरली?"

मागून धापा टाकत तांडेल आला होता. त्याने वाळू पाहिली, आबांचं तोंड पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "मी भरलंय," तो म्हणाला. "घट्ट होऊक."

"आरं, हिनं भ्याग मिटायचीच ऱ्हायली की!"

मला वाटलं, आता भांडण होणार. अर्धं शेतसुद्धा भिजलं नव्हतं. आबांना नुसता कोपऱ्याकडचा भाग तोडून लांबच्या सऱ्यांना पाणी नेता येईल का, हे मीच मनात मोजत होतो. नाही. पाट कोपऱ्याच्या डोक्यावरूनच येत होता, आणि पाट वाहता ठेवला तर वाळू पीतच राहणार. आबांनी एकदा वर पाहिलं. मग खोरं उचलून ते चालत नव्हे, पळत चारीच्या दाराकडे गेले. मी आयुष्यात त्यांना पळताना पाहिलं नव्हतं. त्यांनी दारात माती ओढली, वर दगड लोटला, आणि खालच्याच्या बाजूचं तोंड मोडलं. पाणी वळलं. खालच्या शेजाऱ्याच्या वांग्यांकडे निघून गेलं.

पाटकरी बांधावर उभा होता. "आबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्या संध्याकाळसारखा नव्हता, "सोडलं तर सुटलं बरं का. त्येनी येकदा धरलं की मला परत वळवून द्येता यायचं न्हाय."

"ठावं हाय."

"अर्धं रान कोरडं हाय तुमचं."

"वर मानसं हाईत," आबा म्हणाले. त्यांनी खोरं जमिनीत रोवलं. "हितं काय करायचं सांगा, तांडेल."

तांडेलाने बांधावरच्या बाभळीकडे बोट केलं. जुनी, जाड बुंध्याची बाभळ, कोपऱ्याच्या मागे, कोरड्यात. "ह्या झाडाक बांधलंय तर चलात?"

"झाड काय इच्यारता. बांधा."

त्यांनी बुंध्याला गोणपाट गुंडाळलं, साखळी फिरवली, कप्पी लावून तणाव्याला नवा दोर जोडला आणि हळूहळू ओढ घेतली. थापा मारत, थांबत, बाकीच्या दोन तणाव्यांवरच्या माणसांना हाका देत. मी पुन्हा दगडावर गेलो. उजेडाची रेघ बारीक होत होत दोरीआड गेली. तेव्हाच तांडेलाने वरच्या माणसांना उतरायला सांगितलं. शेवटचा खाली आला तो थेट चौथऱ्यावर आडवा झाला, आणि कोणीतरी त्याला म्हणालं, "उठ रे, सासुरवाडीक इलंस काय, इतको लोळतंस?" सगळे नको इतके हसले.

त्या रात्री कोणी जेवलं नाही नीट. आबा पायरीवर बसून अंधारात शेताकडे बघत होते आणि मी आतून त्यांच्या पाठीकडे बघत होतो. आपण त्यांच्या जागी असतो तर दाराकडे पळालो असतो का, की आणखी एक सरी, आणखी एक सरी म्हणत थांबलो असतो? मी स्वतःला खात्रीने उत्तर देऊ शकलो नाही. अजूनही देऊ शकत नाही, आणि हे लिहिताना ते मला टोचतं आहे.

दुसऱ्या दिवशी तांडेल पुन्हा घरी आला. घोंगडीवर बसला नाही. आबांना म्हणाला, "तुमची जमीन माका दाखवा. वरसून नको, खालसून." दोघे कोपऱ्यात गेले. आबांनी त्याला थराथराने खणून दाखवलं, कुठपर्यंत ओल उतरते, कुठे माती फुगते, कुठे मुरूम लागतो. खड्डा आबांच्या डोक्याइतका खोल गेला तेव्हा मुरूम लागला. पक्कं काम तिथपासून वर उचललं. मी ओळंबा घेऊन पुन्हा दगडावर उभा राहिलो. पावसाच्या आधी शेवटचं कडं बसलं.

ऊस मात्र वाळला. भिजलेला भाग हिरवा आणि उरलेला आधी पिवळा, मग कागदासारखा. रानात सरळ रेघ मारल्यासारखी दिसे. मी त्या बाजूने जायचं टाळत असे. निकाल लागला, मी पास झालो, आणि घरात कुणाला आनंद करावा की नाही ते कळेना. मी आबांना म्हणालो, यंदा राहतो, रानात हात लावतो.

"कशाला?" ते म्हणाले. "तू दिसभर एका गोळ्याकडं बघत हुबा ऱ्हायलास, म्हनून पाच मानसं खाली उतारली. जा."

मी जायच्या आधी पुढची पाळी आली. आबांनी हिरवा भाग भिजवला आणि मग दारं मोडत वाळलेल्या भागातही पाणी सोडलं. मला राहवलं नाही. "आबा, यात आता काय आहे?"

"मुळी जिती असंल तर येईल. नसंल तर माती तर भिजंल."

दिवाळीला मी आलो तेव्हा त्या भागात ऊस होता. विरळ, आखूड, शेजारच्या उसाच्या निम्म्याने. मुळ्यांतून पुन्हा फुटलेला. कितीतरी ठोंब गेलेच होते आणि त्या खाचांत आईने मुळा लावला होता. आबा एक कांडं मोडून चावत होते. मला अर्धं दिलं. गोड नव्हतं, पाणचट होतं.

"ह्यो भाग तोडायला कामकरी लागायचं न्हाईत," ते म्हणाले. "आई तुझी मुळं काढता काढता बसल्या बसल्या तोडील."

आई वाफ्यातून म्हणाली, "आदी ल्योकाला जेवू घाला, मग माजी मस्करी करा."

आबा चूळ भरायला पाटाकडे गेले. मी उरलेलं कांडं चावून संपवलं.